चौदाव्या आलुबुखारापर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी विजेरी आहे. किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवतात त्यातली, तुमच्या करंगळीएवढी. माझ्या पाठीवरचा काळा रंग जागोजागी उडाला आहे आणि कडीपाशी एक पोचा आहे, त्याची गोष्ट पुढे येईल. काच मात्र अजून शाबूत आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण विजेरीला दुसरे काही नसले तरी काचेचा अभिमान असतो.

जन्माचे मला फारसे आठवत नाही. सेल घातल्याशिवाय आम्हाला जाग येत नाही. कारखान्यात एका बाईने तपासणीपुरता सेल घातला, मी तिच्या तळहातावर लखकन पेटले, ती खूश झाल्यासारखी वाटली आणि तिने सेल काढून घेतला. तेवढ्यात मला एक गोष्ट कळली होती. माझ्या डोक्यातली चकचकीत वाटी माझ्या बहिणींच्या वाटीपेक्षा खोल होती. त्यामुळे माझा उजेड पसरत नाही, सरळ दूर जातो. माझे सगळे भले आणि सगळे वाईट या एका वाटीने केले.

पुढे वल्येव्हो शहरातल्या एका टपरीत, लायटर आणि कंगव्यांच्या शेजारी, मी दोन उन्हाळे पुठ्ठ्यावर टांगलेली होते म्हणे. जाग आली ती तोझाबाबांच्या हातात.

त्यांचे खरे नाव स्वेतोझार, पण सारे गाव त्यांना तोझा म्हणे. वय एकाहत्तर. हातात कंदील घेऊन रेल्वेचे रूळ तपासत चालण्यात त्यांची चौतीस वर्षे गेली होती. त्यामुळे उजेडातले आपल्याला कळते आणि बाकीच्यांना कळत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. घरात ते आणि त्यांची मुलगी ल्युबिंका, दोघेच. ल्युबिंका गावच्या दवाखान्यात परिचारिका होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीत स्तामेना आजी एकट्या राहत. त्यांना साखरेचा आजार होता आणि रोज संध्याकाळी सुई टोचावी लागे. त्या वस्तीला गाडी जात नाही. बागेतून खाली ओढ्यात उतरायचे, ओकच्या रानातून वर चढायचे, आणि तसेच परत यायचे. आमच्याकडे डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो.

ल्युबिंका मोबाइलच्या उजेडात जात असे. एके दिवशी थंडीने मोबाइल मधेच बंद पडला आणि ती एका झाडाला धरून, पुढचे झाड चाचपत, साडेसहाला घरी पोहोचली. तळहातात सालीची कुसळे रुतली होती. त्या रात्री तोझाबाबांनी सूप अर्धेच घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते वल्येव्होला गेले आणि मला घेऊन आले.

मला आणून लगेच मुलीच्या हातात देतील तर ते तोझाबाबा कसले. आधी परीक्षा. शेजारच्या मिलादिनकडे त्याच्या जावयाने व्हिएन्नाहून पाठवलेली, दोन बोटे जाडीची विजेरी होती. ती आपण आणतो म्हणाला. तिसरी होती पेट्रोल पंपावर तेलाच्या डब्याबरोबर फुकट मिळालेली, चपटी, धुरकट प्लास्टिकच्या तोंडाची. ती बिचारी इतके दिवस स्क्रूच्या डब्यात पडून होती.

आता परीक्षा कशी, ते ऐका. आमच्या भागात घरोघरी आलुबुखाराच्या बागा असतात, आणि थंडी पडायच्या आत झाडांच्या बुंध्यांना कमरेपर्यंत चुना लावतात. त्याने कीड लागत नाही आणि साल तडकत नाही. शिवाय ज्याने चुना लावला नाही त्याच्याबद्दल रविवारी चर्चच्या दारात बोलले जाते. तोझाबाबा तर इतका घट्ट चुना लावत की त्यांची झाडे पांढरे मोजे घालून उभी असल्यासारखी दिसत. अंगणापासून ओढ्याच्या काठापर्यंत सतरा झाडांची सरळ रांग होती, दोन झाडांत पाच-पाच पावले. कुणाचा उजेड कितव्या झाडापर्यंत जातो, एवढेच बघायचे.

पावणेपाचला दोघे म्हातारे अंगणात उभे राहिले. मिलादिनच्या खिशात राकियाची बाटली होती. आपल्याच आलुबुखारांची दारू ती, पण परीक्षेला लागतेच असे त्याचे म्हणणे पडले. तोझाबाबांनी कॅलेंडरचे फाडलेले पान आणि पेन्सिल घेतली. व्हिएन्नावाली आठव्या झाडाला पोहोचली आणि मिलादिन छाती फुगवून इकडेतिकडे बघू लागला. पंपवाली पेटवली तर तिचा उजेड सगळ्या अंगणात सांडला आणि खुराड्यातल्या कोंबड्या कुरकुरल्या. कसेबसे तिसरे झाड दिसले.

"हिनं कोंबड्या तेवढ्या उठवल्या," मिलादिन म्हणाला. "हिला परत स्क्रूत झोपव."

मग माझी पाळी आली. तोझाबाबांनी मला चिमटीत धरले आणि माझे बूड पिळून मला पेटवले. दहावे झाड उजळले, अकरावे उजळले. त्यांनी हात जरा वर केला आणि चौदाव्या झाडाचा पांढरा मोजा लख्ख दिसला. मिलादिनने बाटलीचे बूच लावून टाकले. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली नसेल.

तेवढ्यात ल्युबिंका हात पुसत दारात आली. तिने रांगेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"बाबा, मला चौदावं झाड बघून काय करायचंय? मला माझे पाय दिसायला हवेत."

"पाय कुठं जातायत? तुझ्याबरोबरच येणार ते," तोझाबाबा म्हणाले. "चौतीस वर्षं रुळावरून चाललोय. लांबचं दिसलं की जवळचं आपोआप सावरतं."

ती हसली आणि तिने मला किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवले. मित्रांनो, खरे सांगते, त्या संध्याकाळी मला माझ्यासारखे जगात कुणी नाही असे वाटत होते. पंपवालीकडे तर मी वळूनही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी ओढ्यात उतरलो आणि माझा माझ्यावरच विश्वास बसेना. ल्युबिंकाने मला पुढे धरले. समोर ओकचे ओले काळे बुंधे होते, त्यांच्यावर माझा उजेड पडे आणि तिथेच बुडून जाई. सेल बदलून टाकला की काय, असे मला वाटले. तिने मला खाली वळवले, तर जमिनीवर ताटलीएवढे एक गोल चकाकले आणि त्याच्या भोवती आधीपेक्षाही दाट काळोख. त्या ताटलीत एका वेळी एक पाय मावत असे. दुसरा पाय कुठे ठेवायचा, ते तिला अंदाजाने ठरवावे लागे.

घरी आल्यावर तोझाबाबा रोज विचारत, "काय, कशी आहे आपली छोटी?"

आणि ल्युबिंका रोज सांगे, "चांगली आहे, बाबा."

दर महिन्याच्या एक तारखेला ते माझा सेल बदलत, जुना चांगला असला तरी. काचेवर तोंडाची वाफ सोडून फडक्याने पुसत. रेल्वेच्या कंदिलाची वात ते अशीच कापत असावेत. त्यांचे ते पुसणे मला आवडायचे, आणि तेव्हाच मला सर्वांत जास्त लाज वाटायची.

जानेवारीत एकदा बर्फ पडून वितळले आणि त्यावर पुन्हा गोठले. त्या दिवशी स्तामेना आजींना सुई टोचून आम्ही पाच वाजता परत निघालो. उतारावर पानांखाली एक मूळ होते. ते माझ्या ताटलीच्या बाहेर, चार बोटांवर होते. चार बोटे, मित्रांनो. ल्युबिंकाचा पाय त्याखाली अडकला आणि ती घसरत थेट ओढ्याच्या पात्रातल्या दगडांवर गेली. माझ्या कडीपाशी पोचा पडला तो तेव्हा. तिच्या घोट्यातून आलेला आवाज मला नीट ऐकू आला.

ओढ्यात मोबाइलला रेंज नसते. तिने हाका मारल्या, पण पाण्याचा आवाज मोठा आणि तोझाबाबांना कानाने कमीच ऐकू येई. उठायला गेली तर डोळ्यांपुढे अंधारी आली. थंडी अशी होती की तिच्या बाहीची ओली कड पाच मिनिटांत कडक झाली. रात्रभर तिथे राहिली तर काय होईल, हे परिचारिकेला कुणी सांगावे लागत नाही. तिने मला चारी बाजूंना फिरवले. ओक, ओक, ओक. सगळ्यांनी माझा उजेड गिळून टाकला. मला पेटण्याचीही शरम वाटू लागली.

मग तिने मला वर, काठाच्या दिशेने धरले. आणि तिथे काहीतरी पांढरे उजळले.

मी ते लगेच ओळखले. ते सतरावे आलुबुखार होते. ओढा तिथे बागेच्या कडेने वळत असल्याने रांग बाजूने दिसत होती; त्याच्या शेजारी सोळावे, पंधरावे. तोझाबाबांचे पांढरे मोजे. खालून घर दिसत नव्हते, पण त्या झाडांचे बुंधे दिसत होते, आणि ते बुंधे स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही दिसतात हे आम्हा दोघींना ठाऊक होते. ल्युबिंका लहान असताना तोझाबाबा तिला अंगणात कंदिलाच्या खुणांचा खेळ शिकवत. दिवा गोल गोल फिरवला की गाडी थांबवायची, रुळावर काहीतरी अडले आहे. तिने हात वर केला आणि मला गोल फिरवायला सुरुवात केली.

पाऊण तास ती मला फिरवत होती. हात बदलत, दातावर दात आपटत. थंडीने माझा सेल मंदावत चालला, माझा उजेड चहासारखा पिवळट झाला. महिन्याचे अकरा दिवसच गेले होते म्हणून बरे. जुना सेल असता तर मी केव्हाच विझले असते.

तोझाबाबांनी नंतर सांगितले ते असे. सूप गरम करून ते खिडकीत उभे होते, रोजच्यासारखे. सहा वाजत आले तशी ते वाटेवर जायला बूट घालू लागले, आणि वाकून वर पाहतात तर बागेच्या टोकाची झाडे एकामागून एक उजळतायत आणि विझतायत. सतरावे, सोळावे, पंधरावे, पुन्हा सतरावे. चौतीस वर्षे ज्या माणसाने दिव्यांची भाषा वाचली, त्याला ती वाचायला किती वेळ लागणार? शेगडी तशीच टाकून त्यांनी मिलादिनला हाक मारली, आणि दोघे म्हातारे शिडी घेऊन ओढ्यात उतरले, माणूस वाहून न्यायला.

ल्युबिंकाचे ओठ निळे पडले होते. तोझाबाबांनी आपला कोट काढून तिच्यावर घातला. कोटाची बटणे मिलादिनने लावली.

"दिसलं का झाड, बाबा?" तिने विचारले.

"दिसलं," ते म्हणाले. "चुना चांगला बसलाय यंदा."

पाय प्लास्टरमध्ये गेला. चौथ्या दिवशी तोझाबाबा तिच्या उशाशी बसले आणि घसरली कशी ते त्यांनी विचारले. तेव्हा ल्युबिंकाने खरे सांगून टाकले, की छोटीच्या उजेडात पाय दिसत नाहीत, पहिल्या दिवसापासून दिसत नव्हते.

"मग सांगायचं नाही का मला?"

"तुम्ही इतक्या हौसेनं विचारायचात, बाबा. कसं सांगणार?"

ते मग उठले, मला, व्हिएन्नावालीला आणि पंपवालीला खिशात घातले, मिलादिनला बरोबर घेतले आणि अंधार पडताना ओढ्यात उतरले. जिथे ती पडली त्याच उतारावर त्यांनी आम्हाला एकेक करून पेटवले. मी तीच ताटली पाडली. व्हिएन्नावालीची ताटली थोडी मोठी. मग त्यांनी पंपवाली पेटवली, आणि तिच्या त्या धुरकट तोंडातून मऊ उजेड सगळीकडे पसरला. त्यांचे दोन्ही बूट दिसले, दोन्ही बाजूंची मुळे दिसली, पुढचे तीन दगड दिसले. ज्या मुळाने घात केला तेसुद्धा दिसले.

तोझाबाबा दगडावर बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"मिलादिन, मी उजेड मोजलाच नाही रे. मी चुना मोजला."

मिलादिन एरवी असली संधी सोडणारा माणूस नव्हे. त्या दिवशी तो नुसता शेजारी बसला आणि त्याने बाटली पुढे केली, पण तोझाबाबांनी ती घेतली नाही.

किल्ल्यांच्या जुडग्यात पंपवाली गेली आणि मी खणात गेले, तुटकी बटणे आणि दोऱ्याच्या गुंड्यांत. मला राग आला नाही असे म्हणणार नाही. मी ल्युबिंकाला वाचवले, हे सगळे विसरले असे मला वाटे. मग आठवे, की पाडलेही मीच होते. खणातला अंधार फार लांब असतो. त्यात माझ्या पोटात सेल तसाच राहिला होता. पडून राहिलेला सेल झिरपू लागतो आणि आतून आम्हाला खाऊन टाकतो. मी रोज पोटात काही ओलसर लागते का, याचा अंदाज घेत पडून असे.

मार्च उजाडला. तोझाबाबांनी चुन्याची बादली भरली आणि बागेत न जाता ती ओढ्यात नेली. वाटेच्या दोन्ही अंगांच्या ओकांना त्यांनी कमरेपर्यंत चुना फासला, थेट स्तामेना आजींच्या कुंपणापर्यंत. नऊ दिवस लागले. रानातल्या झाडांना चुना लावलेला कुणी पाहिला नव्हता. लोक काठावर येऊन बघून जात. मिलादिनची जीभही तोवर पुन्हा सुटली होती.

"तोझा, यंदा ओकला आलुबुखार धरणार म्हणतोस?"

"धरले तर तुला एक देणार नाही."

त्या संध्याकाळी खण उघडला. तोझाबाबांनी मला बाहेर काढले, जुना सेल टाकला, आत फुंकर मारली, काच पुसली आणि नवा सेल घालून मला स्वतःच्या किल्ल्यांत अडकवले. माझे काम आता वेगळे होते. ल्युबिंका चालू लागली होती आणि पंपवाली घेऊन पुन्हा वस्तीवर जात होती. ती परत यायच्या सुमारास ते सतराव्या आलुबुखाराखाली जाऊन उभे राहत आणि ओढ्याच्या वळणावरच्या चुना लावलेल्या ओकवर माझा झोत टाकत. ल्युबिंका अजून वळणापलीकडे असे. तिला तो ओक पांढरा होताना दिसे, आणि ती आपल्या विजेरीने उत्तर देई. मग काही वेळाने ती स्वतः त्या पांढऱ्या गोलातून जाई, एवढीशी, हातात पिशवी घेतलेली. ते बघून तोझाबाबा घरात येत आणि सूप गरम करायला ठेवत.

बस, एवढेच काम. पाच हिवाळे मी ते केले, आणि माझ्या आयुष्यात त्याहून चांगले काही झाले नाही.

सहाव्या वर्षी, सप्टेंबरच्या शेवटी, तोझाबाबांना धाप लागू लागली. इस्पितळात जायच्या सकाळी त्यांनी मला हातात घेतले. तारीख एक नव्हती, तरी माझे बूड पिळून उघडले. पुढचे मला काही माहीत नाही. सेल गेला की आम्ही झोपतो.

जाग आली ती या हिवाळ्यात, तीन वर्षांनी. ल्युबिंकाच्या हातात. तिच्या केसांत आता बऱ्याच पांढऱ्या रेघा आहेत आणि थंडीत तिचा घोटा दुखतो, म्हणून वस्तीवर दवाखान्यातली नवी मुलगी जाते, यास्ना नावाची. त्यादिवशी अंधार पडला तरी यास्ना परतली नव्हती. ल्युबिंका दोनदा खिडकीशी जाऊन आली म्हणे, आणि मग तिने खण उघडला. मी एका कागदात गुंडाळलेली होते. सेल शेजारी, वेगळ्या पुडीत. तो केव्हाच झिरपून हिरवा झाला होता. माझ्या पोटात असता तर आज मी तुमच्याशी बोलत नसते.

कागद म्हणजे ते कॅलेंडरचे पान होते. त्यावर पेन्सिलीने लिहिलेले होते: व्हिएन्ना आठवे, पंप तिसरे, छोटी चौदावे. त्यावर एक आडवी रेघ मारून मोठ्या अक्षरांत 'चूक' असे लिहिले होते. आणि खाली, तोझाबाबांच्या वेड्यावाकड्या अक्षरांत दोन ओळी होत्या. ल्युबिंकाने नवा सेल घालून मला जागे केले आणि त्या मोठ्याने वाचल्या, घरात कुणी नसताना.

"छोटीनं पायाखालचं दिसत नाही. पण ल्युबिंका घरी येताना दिसते."

मित्रांनो, तुमच्या खणातही माझी एखादी बहीण पडली असेल. तिला बाजूला ठेवायचे असेल तर खुशाल ठेवा, पण आधी तिचा सेल काढा. तिची परीक्षा घ्यायची असेल तर तुमच्या पांढऱ्या भिंतीवर घेऊ नका, जिथे तुम्ही चालणार आहात तिथे जाऊन घ्या. आणि जिला तुम्ही नापास कराल तिला टाकून देण्यापूर्वी एकदा विचारा, की बाई, तुला काय येतं?

त्यादिवशी ल्युबिंका मला घेऊन बागेच्या टोकाला गेली. पावसाने ओकांवरचा चुना बराच धुतला गेला होता, पण वळणावरच्या झाडावर थोडा उरला होता. तिने माझा झोत त्यावर धरला. आम्ही दोघी थांबलो. थोड्या वेळाने वळणापलीकडून एका विजेरीचा उजेड हलला, आणि ल्युबिंका सूप तापवायला घरात गेली.